कोंबड्यांच्या वाटणीची भाकर

चर्चच्या ओट्यावर दोन शिकलेली माणसं माकडावरून भांडत होती आणि आत केसरबाई झाडत होती. पाळकसाहेब प्रेमानंद म्हणत, देवानं माणूस आपल्यासारखा घडवला, त्याच्यात आत्मा घातला. ढोरात तो नाही. शाळेत विज्ञान शिकवणारे उत्तमराव मास्तर म्हणत, माणूस अन् माकड एकाच खोडाच्या फांद्या, आत्मा कोणी पाह्यला? चहावर साय धरली तरी दोघं हटेनात. केसरबाईला एवढंच कळलं, की दोघंही स्वतःला माकडाच्या बरंच वर धरतात.

धामणगाव बढे गावापासून दोन कोसांवरच्या त्या वस्तीत चर्चची झाडझूड तिच्याकडं होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन व्हायचं, त्याची बिनखमिराची भाकर तीच चुलीवर भाजायची. घरात तिचा तीस वर्षांचा लेक, शांतवन. जन्माचा मुका, समज दोन वर्षांच्या लेकराची. पण भाकरीचा वास आला की दोन्ही हातांची ओंजळ पसरायचा, चर्चमधली माणसं पाळकाकडून तुकडा घेताना पसरतात अगदी तशी. पाळकाच्या हातून त्याला एकदा तरी तुकडा मिळावा, एवढंच केसरबाईचं मागणं उरलं होतं.

एके दिवशी तिनं धीर करून विचारलं. पाळकसाहेबांनी गोड बोलून समजावलं, की स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल केल्याशिवाय बाप्तिस्मा नाही, अन् बाप्तिस्म्याशिवाय भाकर नाही. मास्तर शेजारीच बसलेले. त्यांनी कागदावर ओणव्या माकडापासून ताठ माणसापर्यंत पाच चित्रं काढली आणि मधल्यावर पेन्सिल टेकवली. "हा तुमचा शांतवन. रानात जन्मला असता तर टिकला नसता, बाई." पाळकसाहेब हसले. इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच जमलं. दुसऱ्या दिवसापासून सारी वस्ती शांतवनला 'मधला' म्हणू लागली.

प्रभुभोजनाचा चुरा पायाखाली येऊ नये म्हणून केसरबाई तो झाडून पायरीखाली टाकायची आणि पाळकसाहेबांच्या कोंबड्या तो टिपायच्या. रीतच होती तशी. एका रविवारी शांतवन हातापायांवर रांगत त्या कोंबड्यांत शिरला आणि तोंडानं चुरा वेचू लागला. पाळकसाहेबांनी त्याला कॉलरला धरून ओढलं, छडीचे दोन दिले. ओठ फुटला. कोणीतरी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला.

केसरबाई केरसुणी घेऊनच बाहेर आली. "पाळकसाहेब, कोंबड्यायले आत्मा हाय का?"

"नाही. ती जनावरं. त्यांना पाप लागत नाही."

"मंग माह्यं पोरगं माणूस असन त हातानं द्या त्याले. जनावर असन त खाऊ द्या खाली."

पाळकसाहेबांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर चष्मा पुसत ओट्यावरून उतरले.

"बाई, नियम म्हणजे नियम," पाळकसाहेब म्हणाले, "पुढच्या रविवारपासून याला घरी बांधून येत जा."

काम जाईल या भ्यानं तिनं त्याला बांधलं. अंगणात, बकरीच्या खुंट्याला, कमरेला दोर. माघ महिन्यात ती चर्चमध्ये असताना गारपीट झाली. बकरी दावं तोडून गोठ्यात पळाली. शांतवनला दोर सोडून पळायचं सुचलं नाही, तो गारांत तिथंच बसून राहिला. चौथ्या दिवशी तापात गेला.

बाप्तिस्मा नव्हता म्हणून त्याला चर्चमागच्या कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर पुरलं, गाव मेलेली ढोरं टाकतं तिथं. पाळकसाहेबांनी भिंतीच्या आत उभं राहून चार शब्द म्हटले. केसरबाई म्हातारी झालीच होती, तिच्या कबरेची जागा मात्र भिंतीच्या आत राखलेली होती. चर्चची सेवा केलेली बाई, म्हणून.

त्यानंतर ती चुरा पायरीखाली टाकेना. तिच्या आयुष्यातल्या शेवटच्या प्रभुभोजनाच्या रविवारी अंगात ताप होता, बाया नको म्हणत होत्या. तिनं भाकर भाजली, चर्च झाडलं, चुरा पदरात धरला. कब्रस्तानाच्या भिंतीला वळसा घालून गेली आणि शांतवनच्या मातीवर पदर झटकला. कोंबड्या मागोमाग आल्या. तिनं त्यांना हाकललं नाही. परत येऊन केरसुणी चर्चच्या दाराआड उभी केली आणि कडी लावली.