कुंकू लागलेला स्टोव्ह

घाटंजीच्या आठवडी बाजारात भंगारवाल्याकडे मला पहिला दौऱ्याचा स्टोव्ह मिळाला. पूर्वी साहेबलोक जंगलात मुक्कामाला नेत, तसला. पाय फिरवून काढायचे, टाकी आणि बर्नर पत्र्याच्या एकाच डब्यात. एवढ्याशा पितळेत अख्खं स्वयंपाकघर मावतं हे पाहून मी जो खुळावलो तो अजून शुद्धीवर नाही. आता माळ्यावर नव्या स्टोव्हला जागा नाही.

आईचा मात्र स्टोव्हवर दात. तिच्या माहेरी चूल होती. लग्नानंतर सासरचा स्टोव्ह पहिल्यांदा पेटवायला गेली आणि भडका उडाला. हात कोपरापर्यंत भाजला, डाग अजून आहे. त्यानंतर तिनं स्टोव्हकडे ढुंकून पाहिलं नाही. यंदा दसऱ्याआधी तिनं निकाल दिला, "एक माह्यासमोर पेटवून दाखव. भडकला तर सारे भंगारात." आईचा शब्द फिरत नाही, त्यामुळे माझं धाबं दणाणलं.

तरी दसऱ्याला पूजा तिनंच मांडली. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक हत्याराला कुंकू लागतं. विळा झाला, कुऱ्हाड झाली, मग हात लांब करून माझा स्टोव्ह. बर्नर हेच त्याचं कपाळ समजून तिनं मधोमध ओलं कुंकू चोपडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मी स्पिरिट जाळून बर्नर तापवला, पंप मारला. काहीच नाही. आई उंबऱ्यातूनच म्हणाली, "काहून पेटत नाही?"

"तुह्या कुंकवानं तोंड बंद झालं त्याचं."

ती हसली, पण पायरी उतरली नाही. बर्नर थंड झाल्यावर मी बारीक तारेनं भोक मोकळं केलं, पुन्हा तापवला आणि भीत भीत पंप मारला. स्टोव्ह आधी फुरफुरला, मग घरघरला आणि बर्नरभोवती निळं कडं उभं राहिलं. कितीदा पाहिलंय, तरी दर वेळी मी थक्क होतो. चमचाभर रॉकेल, आणि अशी ज्योत!

आई कधी जवळ आली कळलं नाही. तिनं तोच भाजलेला हात, शेकायला धरतात तसा, ज्योतीपुढे धरला.

"मले लाल जाळच आठवते," ती म्हणाली. "हा निळा असते, हे मी कधी पाह्यलंच नाही."

ती आत गेली आणि पाणी भरलेला चहाचा गंज घेऊन आली.