चार वाजताचा गूळ

ज्ञानू चौगुले बावीस वर्षं शिसं वितळवत होता. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत पत्र्याची एक शेड आहे. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं भट्टीत टाकायचं, पातळ झालं की साच्यात ओतून नव्या प्लेटा काढायच्या, हे तिथलं काम. आठ माणसं. दार एक. खिडकी होती, पण तिच्यापुढे प्लेटांची थप्पी लागली ती कायमचीच.

हातकणंगल्याजवळच्या गावातून तो रोज मोटारसायकलने यायचा. पहाटे म्हैस, मग डेअरी, मग भट्टी. फार बोलणारा नव्हता. आयुष्यात त्याने एकच लढाई जिंकली होती, ती गुळाची.

गुळाने छातीतली धूळ सुटते, पोटात गेलेलं सगळं खाली उतरतं, असं शेडमध्ये सगळेच मानत. म्हणून चार वाजता चहाबरोबर गूळ मिळायचा. एका वर्षी मालकाने, विजयसिंहाने, तो बंद केला. दुसऱ्या दिवशी ज्ञानूने भट्टी पेटवली नाही. दारात मांडी घालून बसला, एकटाच. बाकीचे सात लांबून बघत होते. दुपारपर्यंत मार्केट यार्डातून ढेप आली. मालकाची अट एवढीच होती.

"जाग्यावरच खायाचा. नळाला रांग लावून हात धुवत बसलासा, तर भट्टी काय माझा बा बघणार?"

जिंकलेल्या माणसाला अटी लहान दिसतात. ज्ञानू हो म्हणाला.

तेव्हापासून रोज चारला तोच हातोडीने ढेप फोडायचा आणि भट्टीपाशी जाऊन एकेकाच्या तळहातावर खडा ठेवायचा. तळहात काळेकरडे, त्यावर पिवळा गूळ. ज्याला खोकला जास्त, त्याला खडा मोठा. सगळ्यांत मोठा जोतीरामला, कारण तो भट्टीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि दोघांची पंधरा वर्षांची दोस्ती होती. "गूळमास्तर आलं," असं कुणीतरी ओरडायचं. ज्ञानूला ते आवडायचं. घरी बायकोला, विमलाला, त्याने ते कितीदा तरी सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ज्ञानूच्या पोटात पिळा पडायला लागला. चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. तोंडात पत्र्याची चव. दुकानातून पित्ताच्या गोळ्या आणायच्या आणि गूळ थोडा जास्त खायचा, हा त्याचा उपाय. मग एका सकाळी डेअरीच्या कट्ट्यावर दुधाची किटली ठेवून तो राम राम करायला गेला. हात वर आला, पंजा खालीच लोंबत राहिला.

"काय रं ज्ञानू, मान मोडलेल्या कोंबडीगत हात करतोयस?" मापाड्या हसला.

ज्ञानूही हसला. डाव्या हाताने त्याने उजवा पंजा वर धरला. सोडल्यावर तो पुन्हा पडला.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, भैरवी नावाची. पोटदुखी आणि पडलेला पंजा हे दोन्ही ऐकल्यावर तिने आधी काम विचारलं, मग रक्त तपासायला पाठवलं. आठ दिवसांनी कागद आला. रक्तात शिसं होतं, असायला नको त्याच्या कितीतरी पट.

"काका, काम करताना काही खाता का?"

"कायबी न्हाय मॅडम. तंबाखूसुदिक न्हाय. फकस्त गूळ." हे सांगताना तो खुर्चीत ताठ झाला. गुळासाठी दारात बसल्याची गोष्टही त्याने सांगितली.

"हात धुऊन खाता?"

"गूळच सगळं धुऊन काढतोय की! हात कशाला?"

तिने पेन खाली ठेवलं. "काका, गूळ काही काढत नाही. हातावरचं शिसं त्या गुळाला चिकटतं आणि तुम्ही ते गिळता. धुरातून जातं ते वेगळंच."

ज्ञानूने डाव्या हाताने उजवा तळहात उलटा करून बघितला. मग म्हणाला, "सगळ्यांस्नी गूळ मीच वाटत हुतो."

तिला ते नीट कळलं नसावं. तिने मालकाच्या नावाने चिठ्ठी लिहिली: सगळ्या कामगारांचं रक्त तपासा, साबण-पाणी ठेवा, खाणं शेडच्या बाहेर, घरी जाताना कपडे बदला, धूर ओढणारा पंखा बसवा. ज्ञानूचे कपडे विमला घरच्या कपड्यांतच धुते हे ऐकल्यावर तिचंही रक्त द्यायला सांगितलं.

विजयसिंहाने चिठ्ठी दोनदा वाचली. ज्ञानूला बसायला खुर्ची दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"म्हंजे गुळानं झालं म्हण की."

"गुळानं न्हाय मालक, शिशानं. हात धुवून खाल्ला तर..."

"गूळ कोण मागिटलाता?"

ज्ञानूने लोंबणारा पंजा उचलून मांडीवर घेतला.

"दारात कोण बसलंतं? आन रोज वाटत कोण हुतं, मी?" आवाज चढलेला नव्हता. उलट त्यात माया होती. "जाऊ दे. तुझा हात गेलाय, आता घरात बस. म्हस हाय, शेत हाय. जिवाला जप."

दुसऱ्या दिवशी शेडच्या दारावर खडूने लिहिलेलं होतं: आजपासून गूळ बंद. चिठ्ठीतलं दुसरं काहीच झालं नाही. पंखा आला नाही, साबण आला नाही, खिडकीपुढची थप्पी हलली नाही.

शेडमध्ये सगळ्यांना एवढंच समजलं की ज्ञानूने रक्त तपासलं आणि ज्ञानू घरी बसला. पुढच्या आठवड्यात जोतीरामचा फोन आला. आधी शिव्या, गूळ घालवला म्हणून. मग हळू आवाजात, पोटात पिळा पडतोय, रातभर झोप न्हाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्ञानू एस.टी.ने कोल्हापूरला आला. आता मोटारसायकलचा ब्रेक दाबता येत नव्हता. चारच्या सुमाराला जोतीराम दारात आला. खिशातून कागदाची पुडी काढली, त्यात गूळ होता. आता प्रत्येक जण घरून आणत होता.

"जोत्या, हात धू आधी."

"तुझ्या हातनं येवढी वर्सं खाल्ला, तवा न्हाय म्हणालास ते?"

एस.टी.त बसून ज्ञानूने बरीच वाक्यं जुळवली होती. ती सगळी डॉक्टरीणबाईची होती.

"मला म्हाईत नव्हतं रं. उद्या चल माझ्यासंगं. नुसतं रक्त द्यायचं. औषध मिळतंय."

"आन मग? तुझ्यागत म्हशीपाशी बसू? मला म्हसबी न्हाय."

"काल तूच म्हणालास न्हवं, पोट..."

आत मालकाच्या केबिनच्या काचेपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. जोतीराम एकदम मागे सरला.

"कोण म्हणालं?" तो ओरडला. भट्टीवरच्या माणसांनी मान वळवून बघितलं. "माझं पोट कवा दुखलंच न्हाय! उगं काय बी बोलू नगंस, पावणं!"

पंधरा वर्षांत त्याने ज्ञानूला कधी पावणं म्हटलं नव्हतं. डावा हात त्याने शर्टाखालून पोटावर घट्ट दाबून धरला होता. उजव्या हाताने गुळाचा खडा तोंडात टाकला आणि बोटं चाटत तो आत गेला.