साक्ष

बोरीच्या रस्त्यालगत पुन्हा खोदकाम सुरू झालंय. ओल्या काळ्या मातीचा वास आला आणि नामांतराच्या चळवळीच्या काळातला तो दिवस आठवला.

कापसाच्या गाड्या अडकून पडत, म्हणून तेव्हा हा रस्ता दुप्पट रुंद होत होता. भरावासाठी पाटलाच्या शेताला कुणी हात लावला नाही. माती आमच्या वस्तीच्या मसणवट्यातून निघत होती आणि खोदणारेही आम्हीच होतो. खोली मोजण्यासाठी खड्ड्यात मातीचा एक खांब तसाच ठेवायचा, त्याला साक्ष म्हणत. माझ्या तान्ह्या भावाला जिथं पुरलं होतं, नेमका तिथंच मायनं तो ठेवला.

माप झाल्यावर मुकादम म्हणाला, “मावशे, पाड आता साक्ष.”

“न्हाई. माझं लेकरू हाय त्यात.”

“मग काय तुझ्यासाठी रस्ता वळवू?”

“पाटलाच्या हिरीसाठी वळिवला की.”

मुकादमाच्या दोन माणसांनी तिला खांबापासून ओढून काढलं आणि तो पाडला. ती माती भरावावर पडली, वरून रोलर फिरला.

माय त्या डांबरावर कधी चालली नाही. कडेच्या काट्याकुट्यातून जायची. नामांतराची पत्रकं वाटत फिरणाऱ्या मला तो वेडेपणा वाटायचा. आमच्या घोषणा केव्हाच थांबल्या. ती अजून कडेनंच जाते. आता चौपदरीकरणासाठी यंत्रांनी कडाही खणल्या आहेत. काल माय म्हणाली, “आता कुठून चालू गं?”