कन्हानच्या वाळूतल्या शेवंताबाई

तुम्हाला कुणी पडायला शिकवलं आहे का? मला शेवंताबाईंनी शिकवलं. कामठीजवळ कन्हान नदीच्या कोरड्या पात्रात मी पहिल्यांदा मोटरसायकल उडवायला गेलो, तेव्हा उडीचं नावही न काढता त्या म्हणाल्या, "पहिले पडून दाखव." कितीतरी रविवार मी नुसता पडत होतो, गाडी एकीकडे, मी दुसरीकडे. "गाडीले सोडायचं कवा, हे समजल्याबिगर धरू नको," त्या सांगत.

बाई उमरेडच्या विणकर घरातल्या. तरुणपणी घर सोडून जत्रेतल्या 'मौत का कुआँ'त शिरल्या आणि फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटरसायकल फिरवू लागल्या. मालक त्यांना 'मिस रोझी' म्हणून पुकारायचा. शेवंता हे नाव भोंग्यातून कधी ऐकू आलं नाही, हे त्यांना सलायचं. पुढे कंबर मोडली, खेळ सुटला. आणीबाणी नुकतीच उठली होती तेव्हा मी त्यांना भेटलो; मी मजुरांच्या सभांत भाषणं करायचो, पत्रकं लिहून वाटायचो. त्या कामठीत यंत्रमागावर काम करायच्या आणि सुटीच्या दिवशी काष्टा खोचून, जुने फौजी बूट चढवून आम्हा चार-पाच तरुणांना वाळूच्या उतारावर शिकवायच्या.

माझी चूक ठरलेली. उताराच्या टोकाशी भीतीने ॲक्सिलरेटरची मूठ सैल व्हायची आणि हवेत गाडीचं तोंड खाली जायचं.

"काहून गा, सभेत तं लय गर्जतो! इथं काहून मूठ सोडून राहिला?"

खिशातली पत्रकं वाळूत सांडली की त्याच गोळा करून देत. "घे. यानं टायर फुगत नाही, पण लिहीत जाय."

एके दिवशी वॉर्डातल्या एका पुढाऱ्याचा माणूस पात्रात उतरला.

"बाई, साहेबांचा वाढदिवस आहे. मैदानावर पाच मजूर आडवे झोपवू. त्यायच्यावरून तुमी गाडी उडवा. पोस्टरवर तुमचं खरं नाव टाकू, मोठ्या अक्षरात!"

बाईंना आयुष्यभर हवं होतं ते समोर उभं होतं. मग त्यांनी विचारलं, "पोत्यायवरून उडवली तं?"

"पोते पाहाले कोन येते, बाई?"

"मंग मजुरायच्या जागी तू झोप."

तो हसला. "मी काहून झोपू?"

"तं मंग तो काहून झोपीन?"

पुढाऱ्याच्या माणसांनी बाहेरगावचा स्वार आणला. वाढदिवसाच्या संध्याकाळी आम्ही मैदानावर गेलो. मजूर ओळीने आडवे झाले होते. बाई मैदानाभोवती बांधलेला दोर ओलांडून लंगडत आत शिरल्या आणि एकेकाला हात देऊन उठवू लागल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या, संत्र्याची सालं फेकली. "ए बुढे, घरी जा!" चौघे उठले. पाचवा उठेना.

"बाई, आज दुसरं काम नाही भेटलं वं."

बाई त्याच्या शेजारी बसल्या. झोपल्या नाहीत, ताठ बसल्या. बसलेल्या माणसाचं डोकं उडीच्या आड येतं, हे स्वाराला कळत होतं. त्याने इंजिन बंद केलं.

खेळ मोडला. पुढच्याच आठवड्यात पुढाऱ्याच्या माणसांनी आम्हाला पात्रातून हाकललं आणि बाईंची गाडी फोडली. त्या पुन्हा काम मागायला गेल्या, तर जत्रावाल्यांनी त्यांना दारात उभं केलं नाही. काही वर्षांनी त्या तापाने गेल्या. नागपुरातल्या एकाही भिंतीवर त्यांचं नाव लागलं नाही.

मी तेव्हाही लिहिलं होतं आणि आजही लिहितो: ज्याच्या छातीवरून गाडी जाते, तो कधीच पुढाऱ्याचा मुलगा नसतो.

तुमच्या गावात असा खेळ आजही लागेल. तिथे टाळी वाजवू नका आणि नुसती पाठ फिरवून निघूनही जाऊ नका. दोर ओलांडा, आत जा आणि जमिनीवर झोपवलेल्या माणसाला हात द्या. तो उठला नाही, तर त्याच्या शेजारी बसा.