दक्षिणेकडे तोंड

ऐंशीच्या दशकात नाशिकबाहेरच्या एका लष्करी केंद्रात मी तात्पुरता तंत्रज्ञ होतो. घरातला पहिला पदवीधर; वडील लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोणी उचलायचे. नोकरी कायम झाल्याचा कागद दिवाळीआधी निघणार होता. घरी सगळे त्याच्याच आशेवर होते.

काम थकवणारं. दर अर्ध्या तासाला यंत्राची सुई बघायची, आकडा वहीत लिहायचा. अंगणातली मोठी तबकडी दक्षिणेच्या आकाशाकडे रोखलेली असे. तिकडे विषुववृत्तावर, छत्तीस हजार किलोमीटर उंच, उपग्रह पृथ्वीच्याच गतीनं फिरायचा, म्हणून आमच्या लेखी तो जागचा हलत नसे. त्याच्यामार्फत सीमेवरच्या ठाण्यांशी बोलणं चाले. वडिलांना हे समजावलं, तर म्हणाले, "एवढं फिरून जागेवरच? मंग माझ्यासारखाच हाय की."

दसऱ्याला शस्त्रपूजन होतं, त्यात तबकडीलाही हार. ज्यांच्या डब्यातलं मी रोज खायचो ते म्हातारे मिस्त्री म्हणाले, "बीएस्सी, पूजेच्या वस्तूचं तोंड यमाच्या दिशेला? आरतीपुरती पूर्वेला फिरव."

"काका, संपर्क तुटेल."

"दहा मिनिटं रे. तुझा उपग्रह कुठं पळून चाललाय?"

तो पळत नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं. बुडाशी खडूच्या खुणा करून मी तबकडी वळवली, हार घालायला खाली झुकवली. जवानांनी ती धुऊन काढली. खुणाही धुतल्या गेल्या.

पुढे दोन तास शोधत होतो. जरा चुकलं की नुसतं रिकामं आकाश. मिस्त्री पाना घेऊन, मी सांगेन तसे बोल्ट सैल करत होते. शेवटी वही चाळली. त्या आठवड्यात रोज बारा वीसला सूर्य बरोबर उपग्रहामागे, एकाच रेषेत यायचा आणि आवाजात खरखर व्हायची. नोंद माझीच होती. बरोबर त्या मिनिटाला तबकडी सूर्याकडे धरली. तबकडीपुढच्या दांड्यावर बसवलेल्या डबीची सावली तबकडीच्या मधोमध पडली. सूर्य सरकला, खरखर विरली.

"नाशिक! कुठं मेला होतात सकाळपासून?" पलीकडून कोणी ओरडलं.

"वाऱ्यानं हलली, असं लिही," मिस्त्री हळूच म्हणाले. वारा नव्हता. 'मी वळवली', एवढंच मी लिहिलं.

कागद त्या दिवाळीत आला नाही. वडिलांनी आणखी एक वर्ष गोणी उचलल्या.

पुढच्या दसऱ्याला मिस्त्री स्टूल घेऊन तबकडीसमोर गेले. "तिला राहू दे तशीच," म्हणाले, "मी उत्तरेकडे तोंड करून उभा राहतो." स्टूलवर चढून त्यांनी कुंकू लावलं. मी स्टूल धरलं. सुई हलली नाही.