अप्पांच्या वहीतलं बायोसचं पान

माझा जन्म तंजावूरचा. घरची भाषा मराठी, पण लिहायची ती तमिळ अक्षरांत. देवनागरी मी पुण्याला नोकरीला लागल्यावर शिकले. माझे वडील, अप्पा, मात्र जन्मभर तसेच लिहीत आले. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी आई घरातला एकेक जुना शब्द सांगायची आणि ते कॉम्प्युटरवर टिपायचे. त्या यादीची दुसरी प्रत ठेवणं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी म्हणे कॉम्प्युटरवरच पोट भरते.

अप्पा गेल्यावर वर्षभराने मी तंजावूरला घरी आले होते, तेव्हा त्या कॉम्प्युटरचं घड्याळ भरकटलं. जुन्या बस स्टँडजवळच्या दुकानातल्या मेकॅनिकने घरी येऊन आतली बटणाएवढी बॅटरी बदलली, तर विंडोज सुरूच होईना. अर्ध्यावर निळा पडदा, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. फॉरमॅट करावं लागेल, डिस्कवरचं सगळं जाईल, असं तो म्हणाला. आईचा चेहरा उतरला. मला त्याचा राग आला, माझा स्वतःचा त्याहून जास्त. मी कीबोर्ड ओढून घेतला आणि डिलीट दाबत बायोस उघडलं.

खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांत मी तिथे दोनदासुद्धा गेले नसेन. विंडोजच्या आधी यंत्र स्वतःची चाचपणी करतं ती ही जागा. तारीख काय, डिस्क कुठली, सुरुवात कुठून. डिस्क यादीत दिसत होती, म्हणजे ती शाबूत होती. बॅटरी काढल्यावर यंत्र अप्पांनी लावलेल्या सवयी विसरून कारखान्यातल्या सवयींवर गेलं होतं, एवढं मला उमगलं. पण त्यातली नडणारी कुठली?

आईने कपाटातून अप्पांची वही काढली. मिक्सीपासून मोटरपर्यंत प्रत्येक यंत्राचं त्यात एक पान. वर्षभर तिने ती उघडली नव्हती. आता दिली तीही मला नाही, जाणकार म्हणून मेकॅनिकला. तो मोठ्याने वाचू लागला. लिपी त्याची, भाषा आमची, त्यामुळे वाचूनही त्याला ओ का ठो कळेना. मग एका ओळीवर तो थांबला. “एएचसीआय,” तो म्हणाला. डिस्कशी बोलायची अप्पांनी निवडलेली पद्धत. पडद्यावर तिथे आयडीई ही जुनी पद्धत होती.

मी ते बदललं. बदल कायम करायचा का, यंत्राने विचारलं, आणि माझं बोट अडलं. मेकॅनिक पान संपेपर्यंत वाचतच होता, शाळेतला धडा वाचावा तसा. शेवटची ओळ आईला लिहिलेली होती.

“भिऊं नको. तुझे शब्द आंतच आहेत.”

“नाहीं भीत,” आई त्याच्याकडे बघत म्हणाली.

त्या काय म्हणाल्या, असं त्याने मला तमिळमध्ये विचारलं. मला रडू आलं. मी एंटर दाबलं. विंडोज सुरू झालं, यादी उघडली. शेवटचा शब्द अप्पा दवाखान्यात गेले त्याच्या आदल्या दिवशीचा होता. आई खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

“पुढचा सांगतें,” ती म्हणाली. “लिव.”