बैलाचा मृत्यू आणि लिथियमची पुडी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी आजही डोक्यातून जात नाही तो अकोट तालुक्यातला एक मेलेला बैल.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी नवा फौजदार होतो. पावसाने दडी मारली होती आणि ज्वारी गुडघ्याएवढीच राहून कोमेजली होती. एका सकाळी पोलीस पाटील सायकलवर ठाण्यात आले. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा बैल तडफडून मेला होता. बौद्ध वस्तीतला एक तरुण अकोल्याला चिनी मातीच्या बरण्यांच्या कारखान्यात कामाला होता आणि सुटीवर घरी आला होता. त्याच्या घरी पांढऱ्या विषाची पुडी आहे, अशी खबर पाटलांनी दिली.

झडतीत पुडी खरेच सापडली. पाव शेराएवढी पांढरी भुकटी होती. पंचनामा लिहून पुडी सीलबंद केली. सोबत टोपलीभर भाजलेल्या मातीच्या फुटक्या ठिकऱ्या होत्या. जमादारांनी त्या ‘निरुपयोगी’ म्हणून सोडायला सांगितल्या. का कोण जाणे, मी त्याही घेतल्या.

बैलाचा मालक ओट्यावरून ओरडत होता, “यायनं मेलेलं ढोर ओढाचं सोडलं, अन् आता जितं ढोर मारून राहिले! सोमल हाय तो, सोमल!”

मला राग आवरला नाही. “पूर्वी कातड्यासाठी विष घातलं असा आळ तुम्ही यांच्यावर घेत होतात. आता ही माणसं कातड्याला हात लावत नाहीत. मग बैल मारून त्यांना काय मिळणार?”

“सूड, साहेब!” तो म्हणाला. त्याच्यामागे उभे असलेले लोक माना डोलावत होते. वस्तीतल्या कोणालाही शेतावर मजुरीला बोलवायचे नाही, असे तोवर ठरूनही गेले होते.

गुन्हा जामीनपात्र होता, तरुण सुटलाही असता. पण ढोरांना विष घालणारा, हे नाव घेऊन ना तो गावात राहिला असता ना कारखान्यात. आणि त्याच्यामुळे सगळी वस्ती उपाशी राहिली असती.

ठाण्यात त्याला समोर बसवले. वय बाविसेक. बोटांवर भाजल्याचे जुने डाग.

“पुडीत काय आहे?”

“विष नाही, साहेब.”

“मग काय आहे? कुठून आणलंस?”

“थे मले सांगता येत नाही.”

जमादार माझ्या कानाशी आले. “साहेब, दोन पट्टे लावले का पोपटावानी बोलते.”

“माझ्या ठाण्यात पट्टा चालणार नाही,” मी म्हणालो. जमादार तोंड वाकडे करून बाहेर गेले. माराने माणूस बोलतो हे खरे. पण जे आपल्याला ऐकायचे असते तेच बोलतो.

मी ठिकऱ्या टेबलावर पसरल्या. प्रत्येकीच्या पाठीला आकडा कोरलेला होता. काहींवरची झिलई खरबरीत, काहींवरची फोडाफोडांची, पण एकीची आरशासारखी होती. विष घालणारा माणूस असे क्रमांक घालत बसत नाही. तरुण त्या चकचकीत ठिकरीकडे पाहत होता, आणि आपण पाहतोय हे मला कळू नये म्हणून धडपडत होता.

दुपारच्या एसटीने मी अकोल्याला गेलो. कारखान्यातल्या भट्टीवरच्या म्हाताऱ्या उस्तादांनी ठिकरी हातात घेतली, बोट फिरवले आणि खालीच बसले.

“जमलं पोट्ट्याले!” मग माझी वर्दी त्यांच्या ध्यानात आली. “काहून साहेब, काय केलं त्यानं?”

मी सांगितले. उस्तादांनी मला कोठारातला डबा दाखवला. “हे लिथियम कार्बोनेट. परदेशात दगड दळतात, भट्टीत भाजतात, तेजाबात घालतात, अन् त्या पाण्यात सोडा टाकला का ही भुकटी खाली बसते. नाव एकच, पन दर्जे अलग. औषधाचा एकदम साफ, कारखान्याचा थोडा मळका. हा कारखान्याचा. काचवाले घेतात, ग्रीसवाले घेतात. आमी झिलईत घालतो, का कमी आचेवर वितळते. लाकूड वाचते, साहेब.”

“मग तो हे सांगत का नाही?”

“माह्यासाठी. माल परवान्यावर येते. कारखान्याबाहेर न्याची मनाई हाय. त्याले गावच्या कुंभाराच्या भट्टीत परीक्षा घ्याची होती, म्हनून म्याच दिला.” ते उठले. “लिहा साहेब. माह्या नावानं लिहा.”

त्यांनी तारेचे टोक ओले करून भुकटीत बुडवले आणि दिव्याच्या ज्योतीत धरले. ज्योत कुंकवासारखी लाल झाली. कोर्टात एवढा पुरावा पुरला नसता, पण तरुणाला जामिनावर घरी पाठवायला मला तो पुरला. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल नंतर आला. त्यात पुडी लिथियमची निघाली आणि बैलाच्या पोटात सोमलही नव्हता, लिथियमही नव्हते. परवान्याबद्दल कारखानदाराने लेखी खुलासा दिला की परीक्षा कारखान्याच्याच कामाची होती. उस्तादांची नोकरी राहिली.

मग बैल मेला कशाने? ढोरांच्या डॉक्टरांनी पोट फाडले तेव्हाच आपला अंदाज मला सांगितला होता. अहवाल हाती येताच मी त्यांना घेऊन चावडीवर गेलो. कोमेजलेल्या कोवळ्या ज्वारीत आपोआप विष तयार होते आणि ती पोटभर खाल्ली की जनावर तासाभरात जाते, हे त्यांनी सर्वांना समजावले. मालकाचा गडी हळूच म्हणाला, “रातचा दोर तोडून वावरात घुसला होता जी.”

मालक त्या तरुणाला म्हणाला, “चुकलं बाप्पा माहं.” मजुरीची बंदी त्याने तिथेच उठवली.

तरुण डॉक्टरांकडे वळला. “ज्वारी किती उंच झाली का चालते? पाऊस पडल्यावर किती दिवस थांबाचं? आमच्या बकऱ्यायलेबी हेच लागू का?” डॉक्टर सांगत गेले, तो वहीत लिहीत गेला. दुसऱ्या दिवशी चावडीच्या भिंतीवर त्याच्या हाताने लिहिलेले पत्रक चिकटवलेले होते. मी गेलो तेव्हा बैलाचा मालक ते बोट ठेवून मोठ्याने वाचत होता आणि दोन्हीकडची माणसे ऐकत उभी होती.

या गुन्ह्याने मला शिकवले की संशयिताला ‘तू काय केलंस’ एवढेच विचारून भागत नाही; ‘तू काय करू पाहत होतास’ हेही विचारावे लागते. मी तो दुसरा प्रश्न त्याला विचारला नाही. त्याच्या ठिकऱ्यांना विचारला, हे माझे नशीब. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी पंचनाम्यात ‘निरुपयोगी’ हा शब्द कोणाला लिहू दिला नाही.